पुस्तकातलं आणि मामाचं

एकतीस वर्षं मी बसस्थानकावर माईकसमोर बसून बोललो आणि त्या एकतीस वर्षांत स्वतःच्या मनाचा एक शब्द बोललो नाही. "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल." बस्स. ती गाडी थोड्याच काय, बऱ्याच वेळात सुटणार नाही, चालक चहाला गेलाय आणि वाहक त्याला शोधायला गेलाय, हे सगळं जिभेच्या टोकावर यायचं आणि मी गिळून टाकायचो. एकदाच, नोकरीच्या सहाव्या वर्षी, माईक चालू असताना "येईल तेव्हा येईल, मी काय ढकलत आणू?" असं तोंडातून गेलं. लेखी खुलासा द्यावा लागला. पुढली पंचवीस वर्षं, साहेब बदलला की नवा साहेब माझ्या फाईलमधला तो खुलासा काढून वाचायचा आणि मला बोलावून हसायचा.

निवृत्त झालो तेव्हा गुडघे कुरकुरत होते, केस गेले होते, आवाज मात्र शाबूत होता. त्याचं करायचं काय हे मला ठाऊक नव्हतं. ते ठकीने ठरवलं.

ठकी माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना आजारपणात तिचे डोळे गेले. आता ती मोठी बाई आहे, एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर आहे, आणि तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे. सकाळी आठ ते चार ती लोकांचे फोन जोडून देते आणि चारनंतर नागरी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते. "आहे ती नोकरी काय वाईट आहे गं?" असं ताईने एकदा विचारून बघितलं. ठकी म्हणाली, "वाईट नाही आई. पण अकरा वर्षं मी साहेबांशी दुसऱ्यांचं बोलणं करून देतेय. आता लोकांनी माझ्याशी बोलावं असं वाटतं." ताईने पुन्हा तो विषय काढला नाही.

पूर्वपरीक्षा ती झटक्यात पास व्हायची. अडायचं ते मुख्य परीक्षेत, आणि तेही इतिहासाच्या पेपरात. तिला हवी असलेली पुस्तकं जुन्या छपाईची. त्यांच्या पानांचे फोटो काढून मोबाइलमधल्या वाचणाऱ्या यंत्राला दिले, तर ते यंत्र चंद्रगुप्ताला 'चद गुत' म्हणायचं, सनावळीचे आकडे सुटेसुटे वाचायचं आणि तळटीप वाक्याच्या मधोमध घुसवायचं. म्हणून मी वाचायला लागलो. दुपारी ताईच्या मधल्या खोलीत बसायचं, खिडक्या बंद, आवाज येतो म्हणून पंखा बंद, टेबलावर जाड चादर, तिच्यावर मोबाइल. घामाने निथळत मी मौर्य संपवले, गुप्त संपवले, सुलतान आणि बादशहा संपवले, आणि कंपनी सरकारला समुद्रावरून आत आणलं. एकसष्ट तासांच्या फाईली झाल्या. ठकी त्या बसमध्ये ऐकायची, जेवणाच्या सुट्टीत ऐकायची, कपडे वाळत घालताना ऐकायची. दुप्पट वेगाने लावायची, म्हणजे माझा भारदस्त आवाज खारीसारखा चिरचिर करायचा. पण तिला शब्दन् शब्द कळायचा. मग ती पाटी आणि टोचणी घेऊन ब्रेलमध्ये मुद्दे टोचायची आणि ती कार्डं बुटांच्या खोक्यात रांगेने लावून ठेवायची.

गेल्या वर्षी ती सात मार्कांनी राहिली. या वर्षी पूर्वपरीक्षा पुन्हा पास झाली आणि ही शेवटची संधी होती, कारण पुढल्या वर्षी वयाची अट आड येणार होती. सवलतीची म्हणून जी जास्तीची वर्षं मिळतात तीही संपत होती. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ताई पदराला हात पुसतानासुद्धा तेच मनात घोळवत असायची, हे मला दिसत होतं.

मुख्य परीक्षेला सात आठवडे उरले असताना ठकीची सराव उत्तरपत्रिका तपासून आली. तपासणारे सर टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत क्लास घेतात. त्यांना सगळे लालशाई म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. ठकी उत्तरं तोंडी सांगते आणि तिची लेखनिक ती लिहिते. लेखनिक म्हणजे शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी, इतक्या वेगाने लिहिते की तिचं नाव झरझर पडलंय. परत आलेला पेपर वाचून दाखवायचं काम अर्थातच माझं.

"तुघलकाचा प्रश्न वाच आधी," ठकी म्हणाली. "तो मी फर्डा लिहिलाय."

प्रश्न होता मुहम्मद बिन तुघलकाचे प्रयोग का फसले याचा. मी वाचायला लागलो. "राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवताना सुलतानाने प्रवाशांची वाटेत पाण्याचीसुद्धा सोय केली नव्हती. किमान साठ हजार माणसं होती. फलाटावर गर्दी किती आहे हे न बघताच गाडी सोडल्याचा हा प्रकार होता."

फलाटावर? मी तिथेच थांबलो. हे वाक्य कुठल्याही इतिहासकाराचं नव्हतं, माझं होतं. त्या तीन ओळींखाली लाल रेघ ओढलेली होती आणि समासात लिहिलं होतं, 'चूक. वाटेवर विसाव्याच्या जागा आणि सावलीची झाडं होती असे उल्लेख आहेत. साठ हजार कोणी मोजले? हे मत कोणाचं?'

"थांबलास का?" ठकी म्हणाली. "किती दिलेत?"

"दहापैकी तीन."

"तीन? शेरा काय आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा मी समोर लिहिलेलं असून वाचलं नाही. "काही नाही. 'अधिक अभ्यास हवा.'"

"पण हे पुस्तकातलं आहे मामा! तूच वाचलंयस. मला तुझा श्वास कुठे येतो तेसुद्धा पाठ आहे." ती बोटं टेबलावर वाजवायला लागली. कामावर टेलिफोनच्या बोर्डावर एकदम चार फोन आले की ती तशी वाजवते. "लालशाईला जाऊन विचारतेच उद्या."

"मी विचारतो," मी म्हणालो, आणि औषध आणायचंय असं सांगून उठलो.

कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर बसून मी माझ्याच फाईली एकामागून एक कानाला लावल्या. पिशवीतून आणलेली प्राचीन आणि मध्ययुगाची पुस्तकं मांडीवर उघडली. अशोकाचे शिलालेख संपले की मी म्हणत होतो, 'हा राजा आमच्या खात्यात शोभला असता, सूचना नेमक्या लोक थांबतात तिथे लावल्या.' पुस्तकात हे नाही. तुघलकाच्या जागी ती साठ हजार माणसं आणि न केलेली पाण्याची सोय, दोन्ही माझंच. आणि ती झाडं, ते विसावे? ते पुढच्याच पानावर होते. मी तेही वाचलं होतं, पण साध्या सुरात, चार शब्दांत. तोवर माझं ठसक्यातलं वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. इकडचे तिकडचे तुकडे मिळून तासाभरात मी सव्वीस वेळा पुस्तक सोडून बोललो होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाजात काडीचा फरक नव्हता. एकतीस वर्षांची सवय ती. पुस्तक कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होतो हे पान समोर नसतं तर मलाही कळलं नसतं. डोळस माणूस पानाकडे बघून ओळखतो. तिच्याकडे पान नव्हतं, मीच होतो.

मग गेल्या वर्षीचे सात मार्क आठवले. गेल्या वर्षीही तिने याच फाईली ऐकल्या होत्या. मला लाज वाटली, इतकी की बाकावरून उठवेना. तोंड बंद ठेवायचा पगार मी एकतीस वर्षं घेतला, आणि फुकट वाचायला बसलो तेव्हा मात्र तोंड सुटलं. तेही कुणापुढे, तर जिला पडताळून बघता येत नाही तिच्यापुढे.

दुसऱ्या दिवशी चारनंतर मी तिला सगळं सांगितलं. समासातला खरा शेरा काय होता तेही सांगितलं. ठकी कार्ड वाचत होती. तिचं बोट ओळीच्या मध्यावर थांबलं ते तिथेच राहिलं.

"अशी किती ठिकाणं आहेत?"

"तासाला पंचवीस धर."

"एकसष्ट तास," ती म्हणाली. हिशेब करायची गरज नव्हती.

"गेल्या वर्षीचे सात मार्क, ठके..."

"ते बोलू नकोस. ते आता कुणालाच शोधता येणार नाहीत." मग तिचा आवाज चढला. "लोक मला हाताला धरून रस्ता ओलांडून देतात ना मामा, ते मला कुठे आणून सोडतात हे पायाला कळतं. तू मला कुठे सोडलंस तेच मला कळलं नाही. आणि काल पुन्हा खोटं वाचलंस!"

मी मान खाली घातली. तिला ते दिसणार नव्हतं म्हणून म्हटलं, "चुकलो." आतून ताई आली आणि दारात उभी राहिली.

"पुन्हा वाच," ठकी म्हणाली. "मध्ययुग आणि आधुनिक, दोन पुस्तकं. प्राचीन मी कार्डांवरून निस्तरते. सात आठवडे आहेत. पुस्तकातलं, फक्त पुस्तकातलं."

"मी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

"तुझ्यावर विश्वास नाही," ती म्हणाली. "आई शेजारी बसेल."

ताई सातवीपर्यंत शिकलेली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली, ओळीखाली बोट, दुसऱ्या हातात लाटणं. पुस्तकात नसलेला शब्द माझ्या तोंडून आला की लाटणं टेबलावर आपटायचं, मी थांबायचं, ती ओळ पुन्हा वाचायची. पहिल्या दिवशी अकरा वेळा आपटलं. कायमधाऱ्याची पद्धत आली, माझी जीभ सळसळली, लाटणं आपटलं.

"हे पुस्तकात नाही," ताई म्हणाली.

"अगं, पण खरं आहे!"

"असेल खरं. पुस्तकात नाही."

वखारी आल्या, तह आले, खालसा केलेली संस्थानं आली. मी दात आवळून वाचत होतो. पाचव्या दिवशी लाटणं दोनदाच आपटलं. नवव्या दिवशी एकदाही नाही, आणि मी ताईकडे अशा नजरेने बघितलं की ती हसत हसत उठली आणि चहा टाकायला गेली. एकोणीस तास स्वच्छ, निर्मळ वाचन झालं होतं. मला वाटलं, आता बिघडलेलं सावरलं.

पण पुढच्या सराव परीक्षेत ठकीने देशी वृत्तपत्रांवरचा कायदा व्हाइसरॉय रिपनच्या नावावर टाकला आणि तो रद्द केल्याचं श्रेय लिटनला दिलं. लिटनने अठराशे अठ्ठ्याहत्तरला आणला, रिपनने अठराशे ब्याऐंशीला काढला, हे तिला दोन वर्षांपूर्वीही येत होतं. एकच घोटाळा असता तर सोडून दिलं असतं. त्या पेपरात असे पाच निघाले. लालशाईने या वेळी प्रश्न विचारले नव्हते, नुसत्या फुल्या मारल्या होत्या. परीक्षेला साडेचार आठवडे उरले होते.

मी पेपर वाचून दाखवला, सगळ्या फुल्यांसकट. ठकी बराच वेळ खोक्यातली कार्डं पुढेमागे करत राहिली.

"झोप येते," ती शेवटी म्हणाली. "नव्या फाईली लावल्या की पाच मिनिटांत झोप येते. तू रुग्णालयाच्या लिफ्टसारखा बोलतोस. तिसरा मजला, चौथा मजला."

"तुला पुस्तकातलंच हवं होतं."

"हवं होतंच. पण लिटन मला लक्षात होता तो का, सांगू? तू म्हणाला होतास, 'हा म्हणजे माझ्याकडून खुलासा मागणारा साहेब.' त्या वाक्याला मी अख्खा कायदा अडकवून ठेवला होता. तू वाक्य काढून घेतलंस आणि कायदा खाली पडला."

"मग आता काय करायचं? जुन्या फाईली लावायच्या?"

"त्या तर मुळीच नाही." ती उभी राहिली. काही ठरवताना ती नेहमी उभी राहते. "तुझं बोलणं मला पाहिजे. पण ते कुठून कुठपर्यंत तुझं, हे मला कळलं पाहिजे. आई, एक काचेचा पेला दे आणि चमचा दे."

तिने पेल्यावर चमचा मारून आवाज ऐकला. दुप्पट वेगातही ऐकू येईल असा पेला मिळेपर्यंत तीन पेले बदलले. मग नियम सांगितला. स्वतःचं बोलायचं असेल तर आधी एकदा चमचा मारायचा, बोलून झालं की पुन्हा मारायचा. दोन आवाजांच्या मधे जे येईल ते मामाचं, बाकी सगळं पुस्तकातलं. ब्रेलच्या कार्डांनाही तिने तोच नियम लावला. माझी वाक्यं ज्यांवर टोचली त्यांचा कोपरा तिने कात्रीने कापला. पेपरात उत्तर सांगताना कापलेल्या कोपऱ्याचं कार्ड मनात आलं तर ते फक्त आठवायला वापरायचं, सांगायचं नाही.

साडेचार आठवड्यांत चाळीस तास वाचायचे होते. मी सकाळचाही वेळ धरला. आणि गंमत अशी झाली की हातात चमचा आला तशी माझी वटवट कमी झाली. चमचा मारायचा म्हणजे हे वाक्य त्या लायकीचं आहे का, हे आधी मनात बघावं लागायचं, आणि बहुतेक वाक्यं नसायची. सव्वीसची सात झाली. ताईचं लाटणं परत स्वयंपाकघरात गेलं, पण ती खुर्चीवरून हलली नाही. ओळीखाली बोट ठेवून बसायची, मी दम घ्यायला थांबलो तर "पुढे?" म्हणायची. एका सकाळी विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, अठराशे छप्पनचा. मी वाचून थांबलो. ताईने माझ्या हातातून चमचा घेतला, पेल्यावर मारला, मोबाइलकडे वाकून म्हणाली, "कायदा झाला खरा, पण हे घराघरांत बायकांना सांगायला गेलं कोण?" आणि पुन्हा चमचा मारून गप्प बसली. तिचे कान लाल झाले होते. ती फाईल ठकीने चार वेळा ऐकली आणि त्या वाक्याचं वेगळं कार्ड केलं.

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. लेखनिकासाठी मिळणाऱ्या वाढीव वेळेसकट इतिहासाचा पेपर चार तासांचा. ताई आणि मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. मी तिला उगाच दोन-तीन सनावळ्या विचारल्या, तिने तिन्ही बरोबर सांगितल्या आणि मला गप्प बसायला सांगितलं.

चार तासांनी झरझर ठकीला घेऊन बाहेर आली. पोरगी बोटं चोळत होती. "मामा, ठकीताई मधेच गप्प बसली," ती म्हणाली. "चार मिनिटं. मी घड्याळ बघितलं. पर्यवेक्षकही येऊन उभे राहिले. मला वाटलं, हिला बरं वाटत नाहीये."

मी ठकीकडे वळलो. "काय झालं? कुठे अडलीस?"

"'रेल्वे आणि तारयंत्र ही केवळ परकीय सत्तेच्या सोयीसाठी आली. आपले मत सकारण मांडा,'" ठकीने प्रश्न म्हणून दाखवला.

मी पायरीवरून उडालोच. "अगं, यावर तर मी तीन मिनिटं बोललोय!"

"बोललायस. 'वेळापत्रक गाडीचा मालक ठरवतो, प्रवासी नाही. त्यांनी ती स्वतःसाठी आणली आणि स्वतःसाठी चालवली.' कापलेला कोपरा. आठवलं. पुस्तकातलंही आठवलं, दोन्ही बाजूंचं. तेही सांगून टाकलं. मग लक्षात आलं की 'आपले मत' विचारलंय. आणि मामा, माझं असं काही नव्हतंच. पुस्तकाचं होतं, तुझं होतं. दोन वर्षं मी हे ऐकतेय आणि मला काय वाटतं हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं."

"मग?"

"मग गप्प बसले आणि विचार केला. आणि तुझ्या उलट लिहिलं."

"उलट?"

"वेळापत्रक मालकाचं असतं, कबूल. पण डब्यात बसून काय बोलायचं ते प्रवासी ठरवतात. आमचा टेलिफोनचा बोर्ड बसवला तो वरच्या साहेबांनी खालच्या वॉर्डांना हुकूम सोडायला. पण खालच्या वॉर्डातलं गाऱ्हाणं वर जातं ते त्याच तारेवरून. मी अकरा वर्षं रोज जोडून देतेय. तारा त्यांनी त्यांच्यासाठी टाकल्या, आगगाड्याही. पण पत्रं त्यातूनच गेली, वर्तमानपत्रं गेली, सभेला माणसं त्यातूनच गोळा झाली. 'केवळ' हा शब्द मला मान्य नाही, असं सांगितलं."

"अगं, बोर्डाचं लिहिलंस पेपरात?"

"बोर्डाचं नाही लिहिलं, वेडी आहे का मी? पत्रांचं आणि सभांचं लिहिलं."

"पण रेल्वे कंपन्यांना दिलेली नफ्याची हमी? आणि सत्तावन्नच्या बंडाच्या वेळी तारेचा उपयोग कोणी केला? चुकलीस तू! सरळ सरळ लूट होती ती!" मी भररस्त्यात ओरडत होतो. लोक बघायला लागले होते.

"हमीचं पहिल्या मुद्द्यात आहे, बंडाचं दुसऱ्या. तरी मी चुकले असं म्हणतोस?"

"चुकलीस!"

"बरं," ती म्हणाली, आणि झरझरचा हात धरून चालायला लागली.

घरी पोचेपर्यंत माझा राग उतरला आणि भीती चढली. शेवटची संधी, आणि एवढ्या मोठ्या प्रश्नात पोरीने पढवलेलं सोडून स्वतःच्या डोक्याने लिहिलं. तेही चार मिनिटांच्या विचारावर. मी लालशाईकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला काय पटत नाहीये? उत्तर, की ते तुमचं नाही हे?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मार्क मिळतात. मुद्दे असले म्हणजे झालं." पण तपासणारे ते नव्हते. पुढचे अडीच महिने मी रोज मनातल्या मनात ते उत्तर तपासलं. कधी दहापैकी दोन दिले, कधी आठ.

यादी लागली ती भर दुपारी. मोबाइलवर यादीतला तिचा परीक्षेचा नंबर मी तीनदा बघितला, मग ताईला बघायला लावला, कारण माझ्या वाचण्यावर माझाच विश्वास उरला नव्हता. ताईने बोट ठेवून एक एक आकडा वाचला आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती रडत होती. मी तिला पाणी दिलं आणि रिक्षा करून रुग्णालयात गेलो.

टेलिफोनची खोली जिन्याखाली आहे. एक खिडकी, एक टेबल, बोर्ड, आणि ठकी कानाला हेडफोन लावून बसलेली. मी दारातच उभा राहिलो.

"मामा," ती वळली नाही. "धापा टाकतोयस. बोल लवकर, बोर्ड भरलाय."

"आहे," मी म्हणालो. "मुलाखतीच्या यादीत नंबर आहे."

तिची बोटं बोर्डावर तशीच राहिली. दोन दिवे लुकलुकत होते. ती एकदम हसली, मग तिने आधी पहिला फोन जोडला, मग दुसरा. "क्ष-किरण विभाग, देते." हेडफोन जरासा सरकवून तिने डोळे पुसले.

"किती जण आहेत यादीत?" तिने विचारलं. मी सांगितलं. "आणि घेणार किती?" मी तेही सांगितलं. तिघांतले दोघे गळणार होते. ती मान हलवत राहिली.

"मामा, खरं सांग. रेल्वेच्या उत्तरात मी चुकले असं अजून वाटतं तुला?"

आजच्या दिवशी गोड बोलायला काय हरकत होती? पण हिच्याशी खोटं वाचून एकदा झालं होतं.

"वाटतं," मी म्हणालो. "चुकलीसच. लूट होती ती."

"छान. मग चारला गेटवर ये, भांडू. माझी बाजू मी मांडणार, तू फोडायची. जरासुद्धा दया दाखवू नकोस." तिसरा दिवा लागला, तिने तो घेतला आणि हेडफोनवर हात ठेवून म्हणाली, "मुलाखतीला समोर पाच जण असणार आहेत मामा, आणि तू तर एकटाच आहेस."

मी पावणेचारलाच गेटवर जाऊन उभा राहिलो, मुद्दे घोकत.